'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी'चा अर्थ काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नातल्या डीजेपासून ऑफिसच्या सहलीतल्या बसपर्यंत कुठेही क्वीन या ब्रिटिश बँडचं, फ्रेडी मर्क्युरीने लिहिलेलं हे गाणं लागलं, की 'गॅलिलिओ' आल्यावर सगळे किंचाळतात. गाणं संपलं की कुणीतरी माझ्याकडे वळून विचारतंच, "पण म्हणजे नेमकं काय गं?" २०१८ साली याच नावाचा सिनेमा आल्यापासून तर जास्तच. तीच तीच उत्तरं तोंडी देऊन कंटाळले, म्हणून एकदाची लिहून काढतेय. गाण्याचे शब्द इथे उतरवलेले नाहीत. ते शेजारी उघडून ठेवा, नाहीतर सरळ गाणंच लावा. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं तर आहे.

आधी गोष्ट सांगा. गाण्यात घडतं तरी काय?

सुरुवातीला वाद्यं जवळजवळ नाहीतच. एकावर एक रचलेले आवाज विचारतात, हे खरं आहे की मनाचे खेळ? मग एक मुलगा स्वतःची ओळख करून देतो: मी साधा गरीब पोरगा, माझी कीव नको, वारा कुठूनही वाहू दे.

मग पियानो, आणि आईला उद्देशून कबुली. मी एका माणसाला मारलं. डोक्याला पिस्तूल लावलं, चाप ओढला, संपला तो. आयुष्य आत्ता कुठे सुरू झालं होतं आणि मी ते उधळून दिलं. उद्या या वेळेला मी परतलो नाही, तरी तू थांबू नकोस. दुसऱ्या कडव्यात निरोप. वेळ भरली आहे, अंग दुखतंय, मरायचं नाहीये, पण कधीकधी वाटतं जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं.

गिटार येते, आणि तिच्या पाठोपाठ सगळं उलटंपालटं होतं. आपण ऑपेराच्या रंगमंचावर. सावली, विदूषक, विजा, गॅलिलिओ. एक जमाव म्हणतो सोडा याला, दुसरा म्हणतो नाही सोडणार. देवाचं नाव घेतलं जातं, सैतानाचंही. मग ड्रम फुटतात, आणि इतका वेळ गयावया करणारा पोरगा उलटून अंगावर येतो: मला दगड मारणार? प्रेम करून मरायला सोडून देणार? तो जोरही ओसरतो. कशाचंच काही नाही, वारा कुठूनही वाहू दे, आणि एक मोठी घंटा.

कबुली, निरोप, खटला, बंड, शरणागती. एवढा क्रम डोक्यात ठेवा, पुढचं बरंचसं आपोआप सुटेल.

मी लहानपणी समजायचे की तो मामाशी बोलतोय. मी एकटीच का?

नाही हो. निम्मा महाराष्ट्र असेल. पहिली ते दहावी मराठी माध्यमात काढलेल्या माणसाच्या कानावर 'मामा' पडलं की डोळ्यांसमोर झुकझुक गाडी आणि आईचा भाऊच येणार. मलाही बरीच वर्षं वाटायचं, घरी सांगायची हिंमत नाही म्हणून हा मुलगा मामाकडे जाऊन कबूल करतोय. खरं सांगू? तो अर्थही वाईट नव्हता.

पण ती आई आहे. आणि आईला काही बोलायला जागाच दिलेली नाही, हे लक्षात घ्या. अख्ख्या गाण्यात जमाव बोलतो, न्याय करणारे बोलतात, कैवार घेणारे बोलतात. आईचा एक शब्द नाही.

त्याने मारलं कुणाला?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि गाण्यात याचं उत्तर नाही. मेलेल्याला नाव नाही, चेहरा नाही, भांडणाचं कारण नाही. मारणाऱ्याला त्याच्याबद्दल वाईट वाटलेलंही दिसत नाही. जे काही वाईट वाटतं ते आईबद्दल आणि स्वतःच्या वाया गेलेल्या आयुष्याबद्दल.

या रिकाम्या जागेत लोकांनी फ्रेडी मर्क्युरीलाच बसवलं. मेलेला माणूस म्हणजे जुना फ्रेडी. म्हणजे पारशी घरातला फारूख बलसारा, किंवा जगाला दाखवायला उभा केलेला, बायकांवर प्रेम करणारा पुरुष. त्याला गोळी घालून नवा माणूस उभा राहिला आणि आईला सांगतोय की तुझा मुलगा आता तो राहिला नाही. गीतकार टिम राइस यांनी या अंगाने गाण्याकडे पाहिलं आहे, चरित्रकार लेस्ली-ॲन जोन्स यांनीही.

हा अर्थ गाण्याला बसतो. दुसऱ्या कडव्यातलं 'सत्याला सामोरं जायचंय' आणि शेवटच्या भागातली 'इथून बाहेर पडायचंय' ही तडफड, दोन्ही त्यात नीट बसतात. म्हणून मी तो हसण्यावारी नेत नाही. पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे तारखा. गाणं १९७५ चं. त्या वेळी फ्रेडी त्याची प्रेयसी मेरी ऑस्टिन हिच्याबरोबर राहत होता आणि ते नातं त्यानंतर तुटलं. दुसरी याहून महत्त्वाची. साठच्या दशकाच्या शेवटी कॉलेजातला त्याचा सोबती ख्रिस स्मिथ याने सांगितलं आहे, की खून केल्याची आईला दिलेली ती कबुली फ्रेडीच्या एका अर्धवट गाण्यात तेव्हाच होती आणि त्या तुकड्याला ते 'काउबॉयचं गाणं' म्हणत. म्हणजे ही ओळ आधी काउबॉय सिनेमासारखी, पिस्तुलाची आणि फरारी पोराची होती. आयुष्याचा अर्थ तिच्यात नंतर झिरपला असेल. पण 'अमुक दिवशी अमुक झालं म्हणून त्याने हे लिहिलं' असा हिशेब मांडता येत नाही.

फ्रेडीने स्वतः कधीच सांगितलं नाही?

नाही. विचारलं की तो टाळायचा, आणि टाळण्यातही त्याची एक ऐट असायची. त्याच्या बोलण्याचा सारांश असा: या गाण्याला स्वप्नासारखी एक छटा आहे, लोकांनी ऐकावं, विचार करावा आणि काय ते आपापलं ठरवावं. हे आभाळातून पडलेलं नाही, मी थोडा अभ्यास केला होता, ऑपेराची जराशी थट्टाही आहे, असंही तो म्हणाला आहे.

'थोडा अभ्यास' हे दोन शब्द मला फार आवडतात. गाणं म्हणजे नुसती बडबड, असं म्हणणाऱ्यांना ते पुरेसे आहेत.

बँडमधले बाकीचे तिघे?

गिटार वाजवणारा ब्रायन मे म्हणतो, आम्ही अर्थ विचारत नसू आणि आता सांगणारही नाही. फ्रेडी वरून मस्करी करायचा, आत बरंच काही दडलेलं होतं, इतकंच तो मान्य करतो. ड्रमर रॉजर टेलरच्या मते गाणं तसं सरळ आहे, मधे थोडा गमतीचा भाग आहे. बेस वाजवणारा जॉन डीकन मुळातच अबोल.

शीर्षकाचा अर्थ काय?

इथे जरा बसूया.

ऱ्हॅप्सोडी हा ग्रीक शब्द. शिवणे आणि गाणे या दोन धातूंपासून झालेला. गाणी एकमेकांना शिवून जोडणारा तो ऱ्हॅप्सोड. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा डोळ्यांसमोर आजीची गोधडी आली. जुन्या लुगड्याचा काठ, कुणाच्या तरी शर्टाची बाही, मधेच एक झगझगीत खणाचा तुकडा. गोधडीचा 'विषय काय' असं कुणी विचारत नाही. कुठला तुकडा कुठून आला आणि कुठे कसा टाका घातलाय, हे मात्र दुपारभर बघता येतं. हे गाणं असंच ऐकावं असं माझं मत आहे, आणि या पानावरची बहुतेक उत्तरं त्याच मताची आहेत.

बोहेमियन म्हणजे बोहेमिया या आजच्या चेक प्रांतातला. पण एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसपासून तो शब्द कलावंतांच्या बेफिकीर, फकिरी जगण्याला चिकटला. गरीब पोरगा, कीव नको, वारा येईल तिकडे: सुरुवातीची ओळख हीच आहे.

आता गंमत. २०२३ च्या सप्टेंबरात लंडनला सदबीजने फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव केला. त्यात या गाण्याचा कच्चा खर्डा होता, पंधरा पानं. कागद कसला, तर ब्रिटिश मिडलँड या विमान कंपनीच्या १९७४ च्या कॅलेंडरची पानं. एका पानावर आधी लिहिलंय 'मंगोलियन ऱ्हॅप्सोडी'. 'मंगोलियन' खोडलंय आणि वर 'बोहेमियन' आलंय. सुमारे १३ लाख ८० हजार पौंडांना गेली ती पानं. मला किमतीपेक्षा ती खोडलेली रेघ मोठी वाटते. शब्दाची चाल आधी ठरली होती. 'ओलियन' असो की 'हेमियन', कानाला तो घाट हवा होता, आणि अर्थ मागाहून येऊन बसला, तोही चपखल.

स्कारामूश, फॅन्डँगो, फिगारो ही काय भानगड आहे?

स्कारामूश हे इटलीतल्या कोमेदिया देल्लार्ते नावाच्या लोकनाट्यातलं ठरलेलं पात्र. काळे कपडे, तोंडाने बढाया, वेळ आली की पळ. नावाचा अर्थ छोटीशी चकमक. आपल्याकडच्या वगनाट्यात जसा शिपाई येतो आणि राजालाच चार शब्द सुनावतो, तसं इटलीच्या प्रेक्षकाला हे पात्र दिसताच कळायचं, आता दंगा होणार.

फॅन्डँगो हा स्पॅनिश नाच. फिगारो हा रोसिनी आणि मोझार्ट या दोघांच्याही ऑपेरांत येणारा चतुर न्हावी. 'मॅग्निफिको' म्हणजे बडा असामी, व्हेनिसच्या उमरावांसाठी वापरला जाणारा शब्द. सुरुवातीला सावलीसाठी जो इटालियन वाटणारा शब्द येतो, तो इटालियनमध्ये नाहीच. फ्रेंच-इंग्रजी 'सिलुएट'ला शेपूट लावून तो बनवलाय. बेल्झेबब हा बायबलमधला सैतान. पोरगा म्हणतो, तो माझ्यासाठी एक भूत 'बाजूला काढून ठेवतो', जसं उशिरा येणाऱ्यासाठी आपण ताट झाकून ठेवतो. त्या ओळीवर मी दर वेळी हसते, आणि बरोबर तिथेच रॉजर टेलरचा आवाज इतका वर चढतो की हसू घशातच राहतं.

'मामा मिया' हा इटालियन उद्गार, आपल्या 'अगं आई गं'सारखा. जानेवारी १९७६ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत या गाण्याला नऊ आठवड्यांनी पहिल्या जागेवरून कुणी हटवलं असेल? ॲबा या स्वीडिश बँडच्या 'मामा मिया'ने.

आणि गॅलिलिओ? तो ब्रायन मेसाठी आहे म्हणतात.

म्हणतात खरं. मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी, बँडसाठी अर्धवट सोडलेली पीएचडी त्याने २००७ मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजातून पूर्ण केली. त्यामुळे हा मित्राला मारलेला डोळा असेल, असं मानायला मन तयार होतं. धर्मसत्तेपुढे उभा केलेला आरोपी म्हणूनही गॅलिलिओ या खटल्यात शोभतो.

पण निर्माता रॉय थॉमस बेकर काय सांगायचा ते ऐका. ऑपेराचा भाग आधी छोटासाच होता. फ्रेडी रोज येऊन म्हणायचा, अजून काही 'गॅलिलिओ' घालूया, आणि बेकर टेपला आणखी एक तुकडा जोडायचा. अर्थासाठी कुणी एवढे गॅलिलिओ घालत नाही. ग-ल-ल-ओ ही अक्षरं तोंडात कशी घोळतात, वरच्या पट्टीत कशी उडतात आणि खालच्या पट्टीत कशी आपटतात, त्यासाठी ती आहेत. तराण्यातल्या 'तोम् तन देरेना'ला आपण अर्थ विचारत बसत नाही. गाणारा तिथे शब्दांना ताल करतो आणि आपण मान डोलावतो. ऑपेराच्या भागातले निम्मे शब्द याच जातीचे आहेत. उरलेले निम्मे तसे नाहीत. 'सोडा', 'नाही सोडणार' हे मात्र अगदी अर्थाचे शब्द, आणि त्या गलबल्यातून ते बाहेर येतात म्हणूनच टोचतात.

बिस्मिल्ला कुठून आलं?

इंग्लंड-अमेरिकेतल्या श्रोत्यांना हा शब्द वर्षानुवर्षं कळलाच नाही. कुणी काय ऐकायचं, कुणी काय. आपल्याला तो पहिल्या फटक्यात कळतो. गल्लीत वाढलेल्या कुणालाही विचारा: अल्लाच्या नावाने. कुराणातल्या ११४ सूऱ्यांपैकी एक सोडून सगळ्यांच्या आरंभी येणारं वचन.

फ्रेडीलाही तो शब्दकोशात शोधावा लागला नसणार. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारच्या स्टोन टाउनमधला. सुलतानाचं बेट, वर ब्रिटिशांचा अंमल, बहुसंख्य वस्ती मुसलमान. वडील बोमी तिथल्या हायकोर्टात कॅशियर. घर पारशी, शाळेची भाषा इंग्रजी, रस्त्यावर स्वाहिली आणि मशिदीची बांग. अशा मुलाच्या कानात 'बिस्मिल्ला' हा काही परदेशी मसाला नव्हता.

आणि गाण्यात तो कुठे बसवलाय बघा. सोडून द्या, अशी याचना झाल्यावर तो येतो, आणि त्याला चिकटूनच नकार: नाही, सोडणार नाही. देवाचं नाव घेऊन सुरुवात करायची ती शुभ कामाची, इथे सुरुवात होते ती शिक्षेची. धर्माच्या नावाने जमाव एका पोराला अडवतोय, असा त्याचा सरळ अर्थ मी घेते. विशिष्ट धर्मावर टीका मला त्यात ऐकू येत नाही, कारण थोडं पुढे इटालियन आईची आळवणी आहे आणि तिच्या पुढे बायबलचा सैतान. फ्रेडीने सगळ्यांनाच फिर्यादी पक्षात उभं केलंय.

इराणमध्ये या गाण्याचा वेगळाच अर्थ छापला होता, हे खरं का?

खरं आहे. २००४ मध्ये क्वीनच्या गाण्यांची कॅसेट तिथे रीतसर विक्रीला आली तेव्हा सोबत गाण्यांचा खुलासा करणारी पुस्तिका होती. तिच्यानुसार हा तरुण चुकून कुणाला तरी मारतो आणि फाउस्टप्रमाणे सैतानाला आत्मा विकतो. फाशीच्या आदल्या रात्री तो 'बिस्मिल्ला' म्हणून देवाला हाक मारतो आणि देवदूतांच्या मदतीने आत्मा परत मिळवतो.

हसू नका. सगळे तुकडे गोळा करून एक सलग गोष्ट रचायची असेल तर याहून नीटनेटकी मला अजून कुणी सांगितलेली नाही. फक्त शेवट गाण्यात नाही. आत्मा परत मिळालेला माणूस 'कशाचंच काही नाही' म्हणत वाऱ्यावर सोडून देत नाही.

पारशी धर्माचा काही संबंध?

फ्रेडीची नवजोत झाली होती, आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये लंडनला त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनीच केले. या दोन टोकांच्या मधे त्याने धर्म किती पाळला, ही वेगळी गोष्ट. ऑपेराच्या भागातली ओढाताण म्हणजे सत् आणि असत् शक्तींचा झरथुष्ट्री झगडा, असं काहीजण मांडतात. मला हे ओढूनताणून वाटतं. त्या भागात दोन्ही बाजू सारख्याच आरडाओरडा करतात. सत् कोण, तेच कळत नाही.

पाचगणीचं काय? तिथे या गाण्याचं काही सापडतं का?

आपल्याकडून गेलेले पर्यटक हे हमखास विचारतात. फ्रेडी आठेक वर्षांचा असताना त्याला झांझिबारहून बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवलं. फारूखचा 'फ्रेडी' तिथे झाला. पियानो तिथे पक्का झाला, शाळेच्या कॉयरमध्ये तो गायला, आणि बाराव्या वर्षी 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड तिथेच निघाला. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्या जानेवारीत तिथे क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला, हीथ्रोजवळच्या फेल्टममध्ये गेलं.

टेबललँडवर उभं राहून, खाली कृष्णेचं खोरं बघत हे गाणं ऐकायचा नाटकीपणा मी केलेला आहे. वारा कुठूनही वाहतो तिथे, एवढं खरं. आठ वर्षांचं पोर, समुद्रापार आई, आणि पुढे आयुष्यभर गाजलेली ओळ आईला मारलेल्या हाकेची. गळ्यात आवंढा येतो आणि वाटतं, सापडला अर्थ. मग शेंगदाणे खात टॅक्सीने खाली येताना लक्षात येतं की वसतिगृहात वाढलेली मुलं हजारो आहेत, गाणं एकच झालं. पाचगणीने त्याला हार्मनी आणि पियानो दिला, हे नक्की सांगता येतं. दुःख दिलं की नाही, हे आपण आपल्या सोयीने ठरवतो.

गाणं एड्सबद्दल आहे का?

नाही. गाणं ३१ ऑक्टोबर १९७५ ला आलं. एड्सची पहिली नोंद १९८१ ची. गोंधळ होतो कारण २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेल्यावर हेच गाणं पुन्हा काढलं, ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याचे पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिले. तेव्हा 'मला मरायचं नाहीये' ही ओळ ज्यांनी पहिल्यांदा ऐकली, त्यांच्या मनात ती तशीच राहिली. साहजिक आहे, पण तो अर्थ ऐकणाऱ्याच्या दुःखाचा आहे, लिहिणाऱ्याच्या नव्हे.

फ्रेंच लेखक कामूच्या 'परका' या कादंबरीशी तुलना करतात, ती पटते?

थोडी. आई, कारणाशिवाय केलेला खून, खटला, 'कशाने काय फरक पडतो' अशी वृत्ती: साम्यं आहेत खरी. पण कामूचा नायक मुळात गार आहे आणि आमचा पोरगा पहिल्या कडव्यापासून रडतोय. 'काही फरक पडत नाही' असं म्हणणाऱ्याला खरोखर फरक पडत नसता, तर त्याने सहा मिनिटं एवढा आकांत केला असता का?

शेवटचं 'कशाचंच काही नाही' हे निराशेचं की सुटकेचं?

हे गाणं मराठीत करायला घ्या, म्हणजे अडचण कळेल. मी दोन-तीनदा प्रयत्न केलाय. 'कशालाच काही अर्थ नाही' म्हटलं की तत्त्वज्ञान होतं. 'मला काय त्याचं' म्हटलं की उर्मट. 'मला आता कशाचंच काही वाटत नाही' हे सगळ्यात जवळचं, पण त्यात थकवा येतो. आणि 'जाऊ दे', हे आपलं लाडकं, त्यात तर माफी, कंटाळा, शहाणपण सगळं एकदम येतं. इंग्रजी ओळ यातलं एकही निवडत नाही. मराठीत निवडावंच लागतं. अर्थाचं भांडण शेवटी इथेच आहे.

वाऱ्याची ओळ मात्र सुरुवातीला येते आणि अगदी शेवटीही. पहिल्यांदा ती पोरगेली ऐट वाटते, काही न गमावलेल्या माणसाची बेफिकिरी. शेवटी तेच शब्द तो जवळजवळ पुटपुटतो. मधल्या पाच मिनिटांत त्याचं सगळं गेलेलं असतं. मी 'जाऊ दे'कडे झुकते, पण रात्री ऐकलं तर नाही.

शब्द बाजूला ठेवले तर संगीतातून अर्थ कळतो का?

जास्तच कळतो. तीन जागा सांगते.

सुरुवातीचे ते पाचपदरी आवाज चौघांचे वाटतात, व्हिडिओतही चौघे दिसतात. रेकॉर्डवर तो सगळा एकटा फ्रेडी आहे, स्वतःवर स्वतःला रचत गेलेला. 'हे खरं की मनाचे खेळ' असं विचारणारा जमाव म्हणजे एकाच माणसाचं डोकं. हे कळल्यावर पुढचा खटला कुठे चाललाय, याचा मी वेगळाच विचार करायला लागले.

दुसरी जागा: दुसऱ्या कडव्यात तो म्हणतो पाठीतून शिरशिरी जातेय. त्याच क्षणी ब्रायन मे गिटारच्या तारा ब्रिजच्या मागे, जिथे एरवी कुणी वाजवत नाही तिथे छेडतो. बारीक, काचेवर नख ओढल्यासारखा आवाज. शब्दाचं एवढं सरळ चित्र गाण्यात दुसरं नाही.

तिसरी जागा माझ्या नादुरुस्त वॉकमनची. हेडफोनचा उजवा कान मेलेला होता. सुरुवातीला 'जरा वर, जरा खाली' असे शब्द येतात, त्यातला एक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे ठेवलेला आहे. मला कित्येक महिने 'जरा वर'च ऐकू यायचं, आणि पुढे नुसती पोकळी. मला वाटायचं ती पोकळी मुद्दाम ठेवली आहे, आणि मी तिचा अर्थही लावला होता, चांगला वहीभर. एका मैत्रिणीकडे स्टीरिओवर ऐकलं तेव्हा खाली उतरणारा तो दुसरा शब्द सापडला. वही अजून आहे. अर्थ लावण्याचा अतिउत्साह आला की ती काढून बघते.

मग खरा अर्थ ठरवायचा कसा?

हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे, त्यातलीच आणखी दोन गाणी शेजारी ठेवा. ब्रायन मेच्या ''३९' मध्ये माणसं जहाजातून दूर जातात आणि परततात तेव्हा इकडे पिढ्या उलटलेल्या असतात. ऐकताना लोकगीत वाटतं, पण ती अंतराळयात्रा आहे आणि काळ आकुंचन पावण्याचं विज्ञान तिच्यामागे आहे. हे लिहिणाऱ्यानेच सांगितलंय. एकदा किल्ली मिळाली की सगळं उघडतं. फ्रेडीचं 'डेथ ऑन टू लेग्ज' हे त्यांच्या आधीच्या व्यवस्थापकावर ओकलेलं विष. त्यात नाव नाही, तरी ज्याला लागायचं त्याला लागलं. ही दोन्ही गाणी कुलूपबंद, पण किल्लीची.

'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी'ला किल्लीच नाही, आणि ती हरवलेली आहे असं समजून शोधत बसलो तर चुकतं. एकनाथांचं 'विंचू चावला' ऐकणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही की विंचू म्हणजे नुसता विंचू नाही. पण भारुडात शेवटी नाथ स्वतः उतारा सांगून मोकळे होतात. फ्रेडीने विंचू सोडला आणि उतारा सांगितला नाही. त्यामुळे माझी कसोटी साधी आहे. जो अर्थ गाण्यातल्या जास्तीत जास्त तुकड्यांना कामाला लावतो तो बरा. जो एकाच ओळीवर उभा राहून बाकीच्यांना 'भरती' म्हणतो, तो कच्चा.

सिनेमात दाखवलंय ते धरून चालावं का?

गाण्याच्या अर्थासाठी नको. फ्रेडी साकारणाऱ्या रामी मलेकला ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण सिनेमाने घटनांचा क्रम बराच हलवलाय आणि 'एवढं लांब गाणं कोण लावणार' म्हणणारा तो कंपनीवाला रे फॉस्टर काल्पनिक आहे. गाणं लांब आहे ही कुरकुर मात्र खरी होती. लंडनच्या कॅपिटल रेडिओचा निवेदक केनी एव्हरेट याने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा लावलं, आणि कुरकुर संपली.

लाइव्हमध्ये ऑपेराचा भाग कसा गायचे?

गायचेच नाहीत. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि फक्त त्या भागाला जवळपास तीन आठवडे लागले. चोवीस ट्रॅकच्या टेपवर आवाजावर आवाज चढवत गेले, इतके की टेप झिजून तिच्यातून पलीकडचा उजेड दिसायला लागला. हे चार माणसांनी रंगमंचावर उभं राहून कसं करावं? म्हणून तो भाग टेपवरून वाजायचा, चौघेही आत निघून जायचे, आणि ड्रम फुटले की परत यायचे. खटला चालू असताना स्टेजवर आरोपीच नाही.

१३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत वेळ वीसेक मिनिटं होता. फ्रेडी पियानोवर बसला, आईला कबुली दिली, निरोप घेतला, आणि गिटार रंगात येते न येते तोच उठून 'रेडिओ गा गा'कडे वळला. खटला नाही, सैतान नाही, 'जाऊ दे' नाही. लंडनच्या वेम्बली स्टेडियममधल्या ७२ हजार लोकांना उरलेलं पाठ होतंच.